बदामाच्या गुलामाचा खटला

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी मुलांचा वाचनवर्ग भरतो. वंदना झाली की मुले सतरंजीवर गोल करून बसतात आणि तासभर कोणीतरी मोठे माणूस त्यांना पुस्तक वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात ही पाळी आमच्यावर आली. आम्ही पिशवीतून 'ॲलिस इन वंडरलँड' बाहेर काढले. इंग्रजी पुस्तक समोर धरायचे आणि मराठीत सांगत जायचे, असा बेत होता. दुसऱ्याच रविवारी, चळवळीत हयात घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाहेब, बोलणारा ससा आणि गायब होणारे मांजर आपल्या पोरांना कशाला? देवादिकांचे चमत्कार आपण मोठ्या कष्टाने घराबाहेर घातले. तुम्ही ते इंग्रजांच्या दाराने परत आत आणताय."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्यांच्या आईबापांनी १९५६ नंतर घरातले देव्हारे नदीत सोडले, गंडेदोरे तोडले, अंगात येणे बंद केले, त्यांना अद्भुताची धास्ती वाटली तर त्यात नवल ते काय? अद्भुताच्याच बळावर या देशात शेकडो वर्षे माणसाला माणसापासून तोडण्यात आले. त्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, शेवटचे दोन धडे ऐकायला या, मग बोलू." ते आले. त्यांच्याशी जे बोलणे झाले ते आमच्या वाचकांपुढेही ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम पुस्तकाची जन्मकथा. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या फॉली पुलापासून एक वल्ह्याची नाव थेम्स नदीतून गॉडस्टो गावाकडे निघाली. नावेत पाच जण होते. ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स लटविज डॉजसन, त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ आणि कॉलेजचे डीन हेन्री लिडेल यांच्या लोरिना, ॲलिस व इडिथ या तीन मुली. मधली ॲलिस दहा वर्षांची होती. मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला आणि डॉजसनांनी वल्ही मारता मारता सुचेल तशी गोष्ट रचली. ती लिहून द्या म्हणून ॲलिस मागे लागली. डॉजसनांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली, ३७ चित्रेही स्वतःच काढली आणि २६ नोव्हेंबर १८६४ रोजी ती वही तिला भेट दिली. पुढे मजकूर वाढवून, 'लुईस कॅरॉल' या टोपणनावाने, १८६५ मध्ये मॅकमिलनने पुस्तक छापले. चित्रे 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांची. टेनिएल यांना छपाई पसंत पडली नाही म्हणून पहिली २,००० प्रतींची आवृत्ती मागे घ्यावी लागली. मराठीत भा. रा. भागवतांनी हीच गोष्ट 'जाईची नवलकहाणी' या नावाने आणली.

गोष्ट सर्वांना ढोबळ मानाने ठाऊक असते. नदीकाठी कंटाळून बसलेली ॲलिस नावाची मुलगी, खिशातले घड्याळ काढून पाहणाऱ्या पांढऱ्या सशाच्या मागे बिळात शिरते आणि खाली खाली पडत एका उफराट्या जगात पोहोचते. तिथे ती कधी बोटभर होते, कधी तिचे डोके छताला टेकते. शेवटी पत्त्यांच्या राजाराणीच्या दरबारात एक खटला उभा राहतो, त्यात तिची साक्ष निघते आणि तिथेच ती जागी होते. सगळे स्वप्न होते.

आमच्या मते, दादांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. चमत्कार सांगणारा माणूस तुमच्याकडे विश्वास मागतो, आणि विश्वास दिला की मागोमाग दक्षिणा मागतो. स्वप्न सांगणारा काहीच मागत नाही. कॅरॉलने वाचकाला एका क्षणासाठीही असे सांगितलेले नाही की ससा खरोखर बोलतो. उलट ती पोर त्या उफराट्या जगात कशी वागते ते पाहावे. टेबलावरची बाटली 'मला पी' म्हणते, तर ती आधी बाटलीवर कुठे 'विष' असे लिहिले आहे का ते तपासते. खाऊन आपण वाढतो की घटतो हे पाहायला डोक्यावर हात ठेवून बसते. अळंबीच्या दोन बाजूंचे तुकडे दोन हातांत धरून आलटून पालटून कुरतडते आणि आपली उंची आपणच ठरवते. आपण कालचीच मुलगी आहोत का असा संशय आला, तर पाढे म्हणून पाहते. पाढा चुकतो, चार पंचे बारा येतात. इथे एक गंमत सांगून टाकतो. गणित जाणणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की १८ च्या पायावर मोजणी केली तर वीस ही संख्या '१२' अशीच लिहावी लागते. म्हणजे मास्तरांनी स्वप्नातही हिशेब सोडलेला नाही. अशा मुलीला अंधश्रद्धेच्या खात्यात कसे टाकावे? कालामांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, ते ही पोर कोणी न सांगता करते आहे.

त्या काळी इंग्लंडात मुलांसाठी दुसऱ्याच प्रकारची पुस्तके होती. आयझॅक वॉट्स नावाच्या धर्मोपदेशकाने १७१५ मध्ये मुलांसाठी धार्मिक पद्ये लिहिली होती आणि दीडशे वर्षे ती पोरांकडून घोकून घेतली जात होती. मधमाशीसारखे कामसू व्हा, आळस करू नका, हा उपदेश त्यांत आहेच. त्यातल्या एका पद्यात तर रस्त्यावरचे भुके, उघडे गरीब पाहून खात्यापित्या घरचे मूल म्हणते की माझी लायकी इतरांपेक्षा अधिक नसता देवाने मला अधिक दिले, त्याचे उपकार. वाचकांच्या लक्षात आले असेलच. गरिबी कोणी निर्माण केली हा प्रश्न मुलाच्या तोंडात येण्यापूर्वीच त्याच्या तोंडात आभार कोंबण्याची ही युक्ती आहे. पूर्वसंचित, प्रारब्ध या आपल्याकडच्या शब्दांचे काम वेगळे नव्हते. कॅरॉलची ॲलिस जेव्हा वॉट्सचे ते मधमाशीचे पद्य म्हणू लागते तेव्हा तिच्या तोंडून भलतेच निघते. मधमाशीच्या जागी मगर येते, आणि ती हसतमुखाने लहान मासे गट्ट करते. उपदेशकांच्या गोड हसण्यामागे काय असते, ते मुलांना हसता हसता कळून जाते. याच पुस्तकात एक डचेसबाई आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीत तात्पर्य सापडते, नसले तरी सापडते. ॲलिस त्यांना फार काळ सहन करू शकत नाही.

येथे आम्हाला आपल्याच घरातले थोडे बोलायचे आहे. आपल्या विहारांतून मुलांसाठी जी पुस्तके असतात ती आम्ही पाहिली आहेत. चरित्रे, प्रतिज्ञा, प्रश्नोत्तरे, पुन्हा चरित्रे. ती हवीतच. पण सात वर्षांच्या पोराला सकाळ-संध्याकाळ फक्त कर्तव्यच वाढले तर ते पोर विहारात येते कशाला, तर आई पाठवते म्हणून. आपणही नकळत डचेसबाई होत चाललो आहोत काय? सवर्णांच्या घरातली मुले परीकथा वाचतात, जादूगारांचे चित्रपट पाहतात, वाटेल ते बरळतात आणि त्याला कल्पनाशक्ती म्हणतात. आपल्या मुलाने मात्र पाचव्या वर्षापासून समाजाचे ओझे वाहावे, खेळू नये, स्वप्न पाहू नये, हा कुठला न्याय? असो. न्यायाचाच विषय निघाला आहे तर आता कोर्टात जाऊ. दादांना आम्ही ज्यासाठी बोलावले होते ते हेच.

पुस्तकातले शेवटचे दोन धडे म्हणजे एका फौजदारी खटल्याचे कामकाज होय. डॉजसनांच्या हस्तलिखित वहीत हा खटला जेमतेम पान-दोन पानांत उरकला होता. छापील पुस्तकासाठी त्यांनी त्याचे दोन पूर्ण धडे केले. आरोप असा, की राणीने केलेले टार्ट आरोपीने चोरले. टार्ट म्हणजे मुरंबा भरलेला भाजलेला पदार्थ. आम्ही मुलांना 'करंज्या' सांगितले, म्हणजे प्रश्न मिटला. आरोपी कोण? इंग्रजीत त्याला 'नेव्ह ऑफ हार्ट्स' म्हणतात. आपण पत्ते खेळताना त्याला काय म्हणतो? बदामाचा गुलाम!

हा शब्द तोंडातून गेला आणि आम्हीच क्षणभर थांबलो. राजा, राणी आणि गुलाम. पत्त्यांच्या डावात लहानपणापासून म्हणत आलो, कधी जिभेला अडखळले नाही. इंग्रजी शब्दाची कथाही ऐकण्यासारखी आहे. 'नेव्ह'चा मूळ अर्थ पोरगा, घरगडी, नोकर. पुढे त्याच शब्दाचा अर्थ लबाड, बदमाश असा झाला. कोणी केला? ज्यांच्या घरी गडी होते त्यांनीच की! भाषेनेच आधी निकाल देऊन ठेवला की जो चाकर तो चोर. मग करंज्या नाहीशा झाल्या की शोध घ्यायचे कारणच उरत नाही. आमच्या वाचकांना आठवण करून द्यायला नको की हे पुस्तक निघाले त्यानंतर सहाच वर्षांत, १८७१ मध्ये, याच इंग्रजांच्या राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पाळण्यातल्या पोराला जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले. पारधी वस्तीत आजही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली कुठे जाते हे आम्ही वकिलीच्या धंद्यात पाहतोच.

तर हा गुलाम बेड्या घालून, दोन शिपायांच्या मध्ये उभा आहे. न्यायाधीश कोण? राजाच, विगवर मुकुट चढवून बसलेला. फिर्यादी त्याची बायको. कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आम्हाला विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवले होते. इथे ते दाराशीच मेले. याची सूचना कॅरॉलने आधी तिसऱ्या धड्यात देऊन ठेवली आहे. तिथे एक उंदीर आपली कहाणी सांगतो. एक कुत्रा त्याला खटल्यात खेचतो आणि सांगतो की न्यायाधीशही मीच, ज्युरीही मीच आणि शिक्षा तुला मृत्यूची. ही कहाणी पानावर शेपटीच्या आकारात वळणे घेत, अक्षरे बारीक होत होत छापलेली आहे. मुलांना ते पान फिरवून फिरवून पाहायला फार आवडले.

ज्युरीत बारा प्राणी-पक्षी आहेत. खटला सुरू होण्यापूर्वीच ते पाटीवर स्वतःची नावे लिहून घेतात, कारण खटला संपेपर्यंत ती विसरली जाण्याची भीती! आरोप वाचून होताच राजा ज्युरीला निकाल द्यायला सांगतो. ससा त्याला कानात सांगतो की महाराज, मध्ये बरेच काही व्हायचे असते. पहिला साक्षीदार टोपीवाला, हातात चहाचा कप घेऊनच पिंजऱ्यात येतो. राजा त्याला दम भरतो की घाबरू नकोस, घाबरलास तर जागच्या जागी डोके उडवीन. दुसरी साक्षीदार स्वयंपाकीण. ती साक्ष द्यायलाच नकार देते, आणि उलटतपासात सांगते की करंज्यांत मुख्यतः मिरपूड असते. मध्येच कोणी गिनीपिग टाळ्या वाजवतो तर त्याला पोत्यात घालून, तोंड बांधून, कोर्टाचे शिपाई त्याच्यावर बसतात. वर्तमानपत्रात नेहमी येते की जमावाचा प्रयत्न दडपून टाकण्यात आला. दडपणे म्हणजे काय ते आपल्याला आज कळले, असे ॲलिसला वाटते. आम्ही हे वाचले तेव्हा मागे बसलेले दादा पहिल्यांदा मोठ्याने हसले. मोर्चांत त्यांनी पाठीवर लाठ्या खाल्लेल्या आहेत.

आता पुरावा पाहा. एक निनावी पत्र सापडते. अक्षर आरोपीचे नाही. मग राजा म्हणतो, त्याने दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल केली असणार. पत्राखाली सही नाही, हे आरोपी दाखवून देतो. राजा म्हणतो, मग तर प्रकरण आणखी वाईट, प्रामाणिक असता तर सही केली असती! वकिलीत वीसेक वर्षे काढल्यावर आम्ही शपथेवर सांगू शकतो की असा युक्तिवाद आम्ही केवळ पुस्तकात वाचलेला नाही. आरोपी बोलला तर उद्दाम, गप्प बसला तर मुरलेला. आणि या सगळ्या गदारोळात कोर्टाच्या मधोमध टेबलावर काय ठेवलेले आहे? करंज्यांचे भरलेले ताट! मुद्देमाल पहिल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या निनावी पत्रात त्या परत आल्याचा उल्लेख आहे, हे ॲलिस दाखवून देते, तर राजा विजयी मुद्रेने टेबलाकडे बोट करतो की या काय इथेच आहेत! आपल्याच तोंडाने आपण फिर्याद निकालात काढली हे त्याला कळत नाही. पंचनामा नाही, मोजदाद नाही, करंज्या मुळात हरवल्या होत्या का याचा शोध नाही.

गुलामाला वकील नाही. कॅरॉलच्या काळाचा इंग्रजी कायदा ज्याला ठाऊक आहे त्याला हे केवळ स्वप्न वाटणार नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे पूर्ण बचाव मांडण्याची मुभा इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने मिळाली. आणि आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क मिळायला १८९८ साल उजाडले. त्याच साली जानेवारीत डॉजसन वारले होते. म्हणजे १८६५ च्या खऱ्याखुऱ्या कोर्टातही गुलाम शपथेवर आपली कहाणी सांगू शकला नसता. ज्या न्यायपद्धतीचे गोडवे गात इंग्रज आपल्याकडे आले ती त्यांच्या घरी अजून अशी कच्ची होती, हे आमच्या कायद्याच्या पुस्तकांत कोणी छापत नाही.

अखेर राणी ओरडते की शिक्षा आधी, निकाल मागाहून. आणि जी पोर साक्षीसाठी उभी आहे ती भर दरबारात सांगते की हा मूर्खपणा आहे. तोवर ती वाढत वाढत आपल्या खऱ्या उंचीला आलेली असते. तिला कोर्टाबाहेर घालवण्यासाठी राजा आपल्या वहीतून नियम क्रमांक ४२ काढतो, की मैलाहून उंच व्यक्तीने कोर्ट सोडावे, आणि हा सर्वांत जुना नियम असल्याचे ठोकून देतो. सर्वांत जुना असता तर त्याचा क्रमांक पहिला नसता का, असे ती विचारते आणि राजा वही मिटतो. ज्यांना 'हे सनातन आहे, पहिल्यापासून असेच आहे' असे ऐकवून गप्प बसवले जाते, त्या प्रत्येक मुलाला हा एक प्रश्न पाठ असावा. तुमचा नियम इतका जुना, तर त्याचा क्रमांक बेचाळीस कसा?

शिक्षा आधी, निकाल मागाहून, हे ऐकून मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५ च्या दुसऱ्या पोटकलमाने अशी तरतूद आली की दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकलेच पाहिजे. संता सिंग खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते न ऐकता दिलेली शिक्षा रद्दबातल ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. कागदावर राणीचा पराभव झालेला आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ३१ डिसेंबर २०२२ ची तुरुंगांतली स्थिती दिली आहे ती पाहा. एकूण कैदी ५,७३,२२०. त्यांपैकी कच्चे कैदी ४,३४,३०२. म्हणजे दर शंभरांत सुमारे ७६ जणांचा निकालच लागलेला नव्हता आणि ते आत होते. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे लोक सर्वोच्च न्यायालयापुढे आले, की ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ ते आत बसले होते. जलद सुनावणी हा कलम २१ खालचा मूलभूत अधिकार आहे असे तेव्हा न्यायालयाने सांगितले. त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेल्याला जाऊन विचारा की शिक्षा आधी की निकाल आधी.

खटल्याच्या आधीचा एक प्रसंगही आमच्या मुलांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावला. राणीच्या बागेत तीन माळी पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत आहेत. झाड चुकून पांढऱ्या गुलाबाचे लागले, राणीला कळले तर डोकी जातील, म्हणून. हे पत्त्यांचे राज्य आहे, आणि त्यात कामे जन्मानेच वाटलेली आहेत. इस्पिक ते माळी, किलवर ते शिपाई, चौकट ते दरबारी आणि बदाम ते राजाची लेकरे. इस्पिकच्या दुरीला कितीही अक्कल असो, ती कुदळच धरणार. राणीची स्वारी येते तेव्हा तिघे माळी पालथे पडतात. मग राणीला कळेना की हे कोण! माळी की शिपाई की दरबारी की तिचीच पोरे? कारण पत्त्यांची पाठ सगळ्यांची सारखी. आम्ही इथे काहीच स्पष्टीकरण दिले नाही. एका मुलाने आपला पत्त्यांचा जोड घरून आणला आणि सगळी पाने सतरंजीवर उपडी मांडून ठेवली, एवढे पुरे झाले.

पुस्तकाचे कौतुक करताना लेखकाला डोक्यावर घेऊन नाचण्याची आम्हाला गरज वाटत नाही. डॉजसन धर्मखात्यातले, जुन्या वळणाचे गृहस्थ होते. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांनी जगाला दिली खरी, पण ऑक्सफर्डमध्ये मुलींना निवासी विद्यार्थी म्हणून प्रवेश द्यावा का हा वाद निघाला तेव्हा १८९६ मध्ये त्यांनी विरोधात पत्रक छापले. स्त्रियांनी आपले वेगळे विद्यापीठ काढावे, असे त्यांचे म्हणणे. वेगळे बसवा म्हणजे झाले, हा सल्ला आम्हाला फार ओळखीचा आहे. डीनची मुलगी कॉलेजच्या आवारात वाढली, पण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये तिथे कायद्याची परीक्षा दिली. डॉजसन तेव्हा ख्राइस्ट चर्चमध्येच राहत होते. सोराबजींना पदवी मात्र मिळाली तब्बल तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. निकाल मागाहून याचा हा आणखी एक नमुना. डॉजसन लहान मुलींची छायाचित्रे काढत, त्यांतील काही आज पाहताना अस्वस्थ व्हायला होते. १८६३ च्या जूनमधील त्यांच्या रोजनिशीतले एक पान कापलेले आहे आणि त्याच सुमारास लिडेल कुटुंबाशी त्यांचे येणेजाणे तुटले. पुरावा कापून टाकलेला असेल तर आम्ही दोषमुक्तीही देत नाही आणि दोषही सिद्ध धरत नाही. प्रश्न उभा आहे, एवढेच नोंदवतो.

जिच्यासाठी गोष्ट रचली गेली त्या ॲलिसच्या वाट्याला पुढे स्वप्न फारसे आले नाही. तीन मुलांपैकी दोन पहिल्या महायुद्धात गेले. नवरा वारल्यावर, १९२८ मध्ये तिने ती हाताने लिहिलेली वही लिलावात काढली आणि ती १५,४०० पौंडांना गेली. १९३२ मध्ये, कॅरॉलच्या जन्मशताब्दीला, ऐंशी वर्षांच्या या बाईंना न्यूयॉर्कला बोलावून कोलंबिया विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. होय, तेच कोलंबिया. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले, आणि १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. देऊन गौरवले. हे सांगितल्यावर दादा म्हणाले, "मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

शेवटच्या रविवारी मुलांनी खटला करून पाहायचे ठरवले. पुठ्ठ्याचे पत्ते कापले, कोणाच्या तरी काळ्या ओढणीचा झगा झाला, मुकुटाला बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद लावला. आठवीतला एक उंच मुलगा राजा झाला. राणी व्हायला चार जणी तयार होत्या. ससा, टोपीवाला, स्वयंपाकीण, सगळे मिळाले. गुलाम व्हायला कोणी तयार होईना. "मी नाही गुलाम होणार," असे एकेकाने ठणकावून सांगितले, आणि आम्हाला मनातून बरे वाटले. अखेर सर्वांत धाकटा एक पोरगा, त्याला खटल्यानंतर करंज्या मिळतील या अटीवर, बेड्या घालून उभा राहिला.

ससा आरोप वाचू लागला तोच सातवीतली एक मुलगी उठली. तिला पुस्तकात काम नव्हते. ती म्हणाली, "याचा वकील कुठाय?" आम्ही सांगितले की पुस्तकात वकील नाही. "मग मी होते," असे म्हणून तिने ओढणी खांद्यावर घेतली आणि ताटापाशी जाऊन राजाला विचारले, "राणीसाहेबांनी करंज्या केल्या तेव्हा ताटात किती होत्या? आणि आता किती आहेत?"

राजाने आमच्याकडे पाहिले. पुस्तकात याचे उत्तर नाही. त्याने राणीकडे पाहिले, ज्युरीकडे पाहिले, मुकुट नीट केला आणि पुढची तारीख दिली.

दादा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. "तारीख नाही," ते तिथूनच म्हणाले, "आत्ता मोजा."